होला छावणीचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

३ मार्च १९५९. केनियावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. तिथल्या होला या कैद्यांच्या छावणीत पहारेकऱ्यांनी अकरा कैद्यांना काठ्यांनी मारून ठार केलं. सरकारने आधी सांगितलं, पाणी पिऊन मेले! वांबुगु न्यिंगी हा कैदी बेशुद्ध होता, मेला समजून त्यालाही प्रेतांत टाकलं होतं. तो वाचला. पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, त्याने आणखी चौघांबरोबर लंडनच्या न्यायालयात ब्रिटिश सरकारकडे भरपाई मागितली.

जमिनी गोऱ्या मळेवाल्यांकडे गेल्या म्हणून तिथले किकुयू जमातीचे लोक उठले, तो हा माऊ माऊ लढा. १९५२ मध्ये आणीबाणी लागली, हजारो माणसं छावण्यांत कोंडली गेली. एक हजाराहून अधिक लोकांना फाशी झाली.

आता या दाव्याला ब्रिटिश सरकारचं उत्तर ऐका. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा जुनी देणीही नव्या सरकारकडे गेली, असं ते म्हणालं. म्हणजे ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्याच देशाने पैसे भरायचे! मला हे ऐकून संताप येतो. २०११ मध्ये न्यायमूर्ती मॅककूम यांनी तो मुद्दा फेटाळून खटला पुढे चालवू दिला. मग मुदतीचा प्रश्न आला: इतक्या जुन्या घटनांचा दावा आता चालवता येईल का? तिथे कागद कामी आले. राज्य सोडताना इंग्रजांनी अनेक वसाहतींतल्या फायली गुपचूप मायदेशी नेल्या होत्या, त्या इंग्लंडमधल्या हॅन्सलोप पार्क या सरकारी ठिकाणी पडून होत्या. खटल्यामुळेच त्यांचा पत्ता लागला. इतकी कागदपत्रं आहेत, तेव्हा साठ वर्षांनीही न्याय्य सुनावणी होऊ शकते, असा निकाल २०१२ मध्ये लागला.

६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत छळाबद्दल खेद व्यक्त केला. छळ सोसलेल्या ५,२२८ जणांसाठी एक कोटी नव्याण्णव लाख पौंड भरपाई, वकिलांचा खर्च त्यातच. माणशी चार हजारही पडत नाहीत. कायदेशीर जबाबदारी मात्र तेव्हाही नाकारलीच. तरी मला ही रक्कम मोठी वाटते, कारण ती ब्रिटनच्या तिजोरीतून निघाली, केनियाच्या नव्हे.

नंतर चाळीस हजारांवर केनियन लोकांनी दावे लावले. तोवर माणसं म्हातारी झाली होती, साक्षीदार गेले होते. इतक्या वर्षांनी न्याय्य सुनावणी शक्य नाही, असं म्हणत २०१८ मध्ये लंडनच्याच न्यायालयाने ते फेटाळले.