परतीची वाट आधी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नाशकात कॅनडा कॉर्नर नावाचा चौक आहे, पण तिथून कॅनडाची गाडी सुटत नाही. म्हसरूळला 1998 साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातल्या डॉक्टरांच्या पदव्या तिथून निघतात, आणि आपली पोरं मात्र डॉक्टर व्हायला जाड स्वेटर घेऊन ताश्कंदला नाहीतर तिबिलिसीला निघतात. नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की हॉटेलांच्या हॉलमध्ये एजंटांचे मेळावे भरतात. चहा, समोसा, पडद्यावर बर्फातलं कॉलेज. निफाडकडून आलेले वडील गुणपत्रिकांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, फी किती?"

फीचा प्रश्न नंतरचा. पोरगं परत येऊन इथे दवाखाना थाटणार आहे का, ते आधी ठरवा. थाटणार असेल तर नियम भारताचा लागतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तो नोव्हेंबर 2021 मध्ये काढला. शिक्षण किमान 54 महिन्यांचं हवं, इंग्रजीतून हवं, आणि पुढची 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी. आल्यावर इथे आणखी 12 महिने. शिवाय त्या देशात तिथल्या नागरिकाला जसा प्रॅक्टिसचा परवाना मिळतो, तसाच आपल्या मुलालाही मिळायला हवा. एजंटच्या माहितीपत्रकात वसतिगृहातल्या जेवणाचा फोटो असतो, हे कलम नसतं. आणि नीट? तिच्यात पात्र ठरावंच लागतं, "परदेशात नीट लागत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

इंग्रजीच्या अटीपायी जर्मनीचं गणित बिघडतं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी नगण्य, पण शिकवणं जर्मनमधून. तिथेच राहायचं असेल तर उत्तम. इंग्लंडची तऱ्हा वेगळीच. अर्ज 15 ऑक्टोबरपर्यंत, जास्तीत जास्त चार वैद्यकीय कॉलेजांना, त्याआधी यूकॅट ही तिथली वैद्यकीय प्रवेशपरीक्षा. म्हणजे बारावीची सहामाही चालू असतानाच. बारावीच्या निकालानंतर जागे होणाऱ्यांचं ते वर्ष हुकलेलंच असतं.

मी स्वतः 2008 साली रशियाला गेलो. वर्गात इंग्रजी होतं, वॉर्डात नव्हतं. तिसऱ्या वर्षी एका आजीबाईंना "ग्द्ये बलीत?", म्हणजे कुठे दुखतंय, एवढं विचारता आलं. त्यांनी पाच मिनिटं सांगितलं, मला त्यातला एक शब्द कळला, पोट. माहितीपत्रकात रोग्याची भाषा कुणी धरत नाही. पण रोगी बोलला आणि डॉक्टरला कळलं नाही, तर ती इंटर्नशिप कसली?

परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे द्यावी लागणारी परीक्षा. 300 प्रश्न, पास व्हायला 150 बरोबर हवेत. कधी दहांतला एक पास होतो, कधी चारांतला एक. मी पहिल्यांदा 131 वर अडकलो, दुसऱ्यांदा 144 वर. गावात लोक विचारायचे, "डॉक्टर, दवाखाना कधी?" मी सायकलवर दुसऱ्या गल्लीने जायचो. तिसऱ्या वेळेस सुटलो.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधून परतलेली मुलं आठवत असतील. एका कॉलेजात सुरू केलेलं तिथेच संपवायचं, हा नियम त्यांना आडवा आला आणि त्यांच्यासाठी अपवाद करावा लागला. तुमच्यासाठी होईलच, असं धरून चालू नका.

मागच्या महिन्यात एक द्राक्षबागायतदार काका मुलीला घेऊन माझ्याकडे आले. अर्धा एकर विकायचा विचार चालला होता. मी त्यांना एवढंच सांगितलं, ते 54 महिने, ती इंटर्नशिप आणि परवान्याचं कलम कॉलेजच्या कागदावर लिहून मागा. काका एजंटकडे गेले. तो म्हणाला, "काका, एवढं कोण विचारतं?" काकांनी पिशवी उचलली.

मुलगी अजून जायचं म्हणतेच आहे. कॉलेजला ईमेल तिने स्वतः लिहिलाय. उत्तर यायचंय.