लावणीनंतरचे पाय

(भातलावणी संपल्यावर कोकणातल्या एका गावात त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, लावणी आटोपली की आमच्याकडे पायांची गर्दी सुरू होते. दिवसच्या दिवस पाय चिखलात, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, जोडव्यांखालची कातडी सोललेली. चिखल्या म्हणून आपण मेंदी लावतो. खाज थांबली की विषय संपला असं वाटतं. पण त्या बेचकीत बुरशी असेल, तर हळूहळू ती शेजारच्या नखात शिरते.

एक आजी आल्या होत्या. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, टोकाकडून उचललेलं. खाली लाकडाच्या भुशासारखा चुरा. "दुखत नाही हो, पण चप्पल घालवत नाही," म्हणाल्या. दोन वर्षं मलम चोळत होत्या. इतक्या जाड नखातून मलम खाली पोचणार कसं?

तरी मी लगेच गोळी दिली नाही. जाड, पिवळं नख म्हणजे बुरशीच असं नसतं. अशा नखांपैकी साधारण निम्म्यांतच ती सापडते. बाकीच्यांना सोरायसिस नावाचा त्वचेचा आजार असतो, जुना मार असतो, नाहीतर घट्ट बूट. म्हणून नखाचा तुकडा आणि खालचा चुरा घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधायचे. आजींच्या नखात ते दिसले. मग रक्ताची, यकृताची तपासणी करून बुरशी मारणारी गोळी दिली: टर्बिनाफिन, 250 मिलिग्रॅम, रोज एक, 12 आठवडे. ही गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नका, आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या संपल्या आणि आजी रडवेल्या होऊन आल्या. नख पिवळंच! इथेच बहुतेक लोक धीर सोडतात. बिघडलेलं नख सुधारत नाही, ते मुळाकडून येणाऱ्या नव्या नखाने पुढे ढकललं जातं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं अख्खं बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मी सुरुवातीलाच चांगलं आणि खराब नख जिथे भेटतं तिथे कानशीने बारीक खाच पाडली होती. ती खाच आता पुढे सरकली होती, आणि तिच्यामागे नख गुलाबी, स्वच्छ होतं. आजींनी स्वतः बोट फिरवून पाहिलं.

नखुरडं वेगळं. ते एक-दोन दिवसांत लाल होतं, ठणकतं, पू धरतं. लिंबात बोट घालून बसू नका. सुरुवातीला कोमट पाण्यात पाय बुडवा. पू झाला तर डॉक्टरांकडे या, घरी सुईने फोडू नका. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका, कारण तुमच्या पायाला ठणका जाणवेलच असं नाही. आणि मार न लागता नखात काळी रेघ उमटली, रुंद होत गेली, तर ती बुरशी समजून घरी बसू नका; क्वचित तो कर्करोग असतो.

नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. शेतातून आल्यावर जोडवी काढून बेचक्या कोरड्या पुसा. घरात नेलकटर प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

आता मागच्या खोलीत भिंग आणि दिवा ठेवलाय. ज्यांना दाखवायचंय त्यांनी पाय धुऊन, पुसून या. नेलपॉलिश असेल तर काढून या, ताई, त्याखालचा रंग मला बघायचाय.