कायमची ठेवलेली कथा आणि पुढचे स्वयंप्रकाशन

अध्यक्षमहोदया आणि मित्रहो,

आपली कथा किंवा कादंबरी एकदा इंटरनेटवर कायमची ठेवली आणि काही वर्षांनी ती स्वतःच पुस्तकरूपाने विकायचे ठरवले, तर कोणते मार्ग उरतात आणि कोणते बंद होतात, हे मी आज सांगावे असे ठरले आहे. ते मी सांगणारच आहे. मात्र या विषयावरची चर्चा ‘साहित्य फुकट द्यावे की नाही’ या वळणावर येऊन थांबते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे, आणि त्या वळणावर आपण थांबू नये म्हणून माझे मत आधीच मांडून ठेवतो. फुकट देण्याने लेखकाचे फारसे नुकसान होत नाही. दिलेले परत घेण्याची सोय स्वतःकडे न ठेवल्याने मात्र होते, आणि ते नुकसान लक्षात येते तेव्हा सहसा उशीर झालेला असतो.

उदाहरणे तुमच्या परिचयाची आहेत. अँडी वीअर यांनी ‘द मार्शियन’ ही कादंबरी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने विनामूल्य दिली, वाचकांच्या आग्रहामुळे २०११ मध्ये किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, स्वतःच प्रकाशित केली आणि २०१४ मध्ये ती मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून छापील स्वरूपात आली. ‘मग आम्ही का देऊ नये?’ असे मला हे उदाहरण देऊन विचारले जाते. अवश्य द्यावे, पण ती कादंबरी लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होती, म्हणजे ती तिथे ठेवायची की काढायची याचा निर्णय शेवटपर्यंत लेखकाकडेच होता, ही गोष्ट प्रश्न विचारणाऱ्याच्या ध्यानात आलेली नसते. दुसरे नाव कोरी डॉक्टरो यांचे घेतले जाते. त्यांनी २००३ मध्ये आपली पहिली कादंबरी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटी पाळून प्रती वाटायची परवानगी सर्वांना आधीच देऊन, खुली केली, हे खरे; परंतु तिची छापील आवृत्ती त्याच वेळी प्रकाशनसंस्थेकडून येत होती. पुस्तकाचा मार्ग ठरलेला असताना त्यांनी ते खुले केले. आपण बहुतेक जण आधी खुले करतो आणि पुस्तकाचा विचार नंतर करतो.

आता ज्या हकिगतीमुळे मी या विषयाकडे ओढला गेलो, ती थोडी विस्ताराने सांगतो.

एका लेखिकेच्या पहिल्या कादंबरीच्या संपादनात मी मदत करत होतो. रहस्यकादंबरी होती, आणि ती त्यांनी एका सार्वजनिक वाचन-व्यासपीठावर क्रमशः लिहिली होती. दर आठवड्याला एक प्रकरण यायचे आणि वाचक त्याची वाट पाहायचे. या पद्धतीचे मोल मी कमी लेखत नाही. वाट पाहणारा वाचक नसता तर ती कादंबरी पूर्ण झाली नसती, असे त्या स्वतः सांगतात. सातव्या प्रकरणात ज्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्याच गृहस्थाने नवव्या प्रकरणात त्याच हाताने मृत्युपत्रावर झोकदार सही केली होती. ही चूक लेखिकेच्या आधी वाचकांनी पकडली आणि पुढचे दोन आठवडे ते सहीवरून खुनी कोण याचे तर्क करत राहिले. (हशा.) असे वाचक मिळणे हे भाग्यच आहे.

कादंबरी संपली, तिचा शेवट नव्याने लिहिला गेला आणि ती ई-पुस्तक म्हणून स्वतःच प्रकाशित करायचे ठरले. त्यासाठी व्यासपीठावरची प्रकरणे काढायला त्या गेल्या, तेव्हा कळले की ज्या प्रकरणावर वाचकांचे अभिप्राय आले आहेत, ते लेखकाला काढता येत नाही. अटींमध्ये तसे कलम होते. म्हणून त्यांनी खातेच बंद केले. त्यांची अपेक्षा अशी, की खाते गेले म्हणजे मजकूरही जाईल. प्रत्यक्षात मजकूर होता तिथेच राहिला आणि त्यावरचे त्यांचे नाव तेवढे गेले. नावाच्या जागी आता ‘माजी सदस्य’ असे दिसू लागले.

पुढे ई-पुस्तक विक्रीच्या दुकानाकडे गेले आणि तिथून पत्र आले, की हा मजकूर इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे, तरी त्याचे हक्क आपल्याकडे असल्याचे दाखवावे. दुकानाची मागणी मला अयोग्य वाटत नाही. दुसऱ्याचे लिखाण उचलून विकणारे लोक असतात, आणि त्यांना अडवायचे तर हा प्रश्न विचारावाच लागतो. पण या लेखिकेने दाखवायचे काय? खाते बंद झाले होते. व्यासपीठाकडे विचारणा केली, तर बंद झालेल्या खात्याची माहिती कोणालाही देता येत नाही, असे उत्तर आले. ‘ते खाते माझेच होते’ असे त्या ज्यांना सांगत होत्या, त्यांच्याच लेखी ते सिद्ध करण्याचे साधन उरले नव्हते. शेवटी प्रत्येक प्रकरण व्यासपीठावर येण्यापूर्वी त्यांनी मला ईमेलने पाठवलेले मसुदे तारखांसह सादर केले, बराच पत्रव्यवहार झाला आणि हक्क मान्य झाले. तोवर एका वाचकाने, निव्वळ प्रेमापोटी, सगळी प्रकरणे जोडून त्यांची सुबक ई-प्रत तयार केली होती आणि ती हातोहात पसरत होती. त्या प्रतीत जुना शेवट होता. सहीसुद्धा उजव्याच हाताची होती. (हशा.)

मला या प्रकरणात जे खुपते ते असे, की त्यांनी कोणताही हक्क विकला नव्हता आणि त्यांचा स्वामित्वहक्क पहिल्यापासून शेवटपर्यंत अबाधित होता. स्वामित्वहक्क कथा लिहिली जाते तेव्हाच लेखकाकडे येतो. स्वामित्वहक्कावरच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार त्याला नोंदणीसारख्या कोणत्याही औपचारिकतेची अट नाही. अडचण एवढीच होती, की हक्क त्यांचा असूनही त्या मजकुरावरचा ताबा त्यांच्याकडे राहिला नव्हता. नवोदित लेखकांना ‘तुमचे हक्क तुमच्याकडेच राहतील’ असे मोठ्या अक्षरांत सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. पण त्याखालच्या बारीक अक्षरांत कायमचा, मागे न घेता येणारा परवाना त्याच लेखकाकडून लिहून घेतलेला असतो. हे मला अन्यायाचे वाटते. विश्वासाने लिहिणाऱ्या माणसाशी याहून सरळ बोलता आले पाहिजे.

अध्यक्षमहोदयांची चिठ्ठी आली आहे. वेळ थोडा उरला आहे, तेव्हा मूळ मुद्दे आता भरभर सांगतो.

सर्वांत मोठी अडचण एकाधिकाराच्या योजनांची आहे. केडीपी ही ॲमेझॉनची स्वयंप्रकाशनाची सेवा; तिच्या केडीपी सिलेक्ट योजनेत पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीसाठी नोंदवले जाते आणि त्या काळात त्याची डिजिटल आवृत्ती अन्यत्र कोठेही, अगदी विनामूल्यसुद्धा, उपलब्ध असून चालत नाही. नमुना म्हणून सुमारे १० टक्के मजकूर इतरत्र ठेवता येतो. स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकाची पुस्तके किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून हवी ती पुस्तके वाचण्याच्या ॲमेझॉनच्या सेवेत, जातात ती याच योजनेतून, आणि तिथे २०१५ पासून वाचलेल्या पानांच्या हिशेबाने मोबदला मिळतो. अनोळखी लेखकाला वाचक मिळवून देणारा हा मार्ग आहे आणि कायमची ठेवलेली कादंबरी आधी त्यालाच मुकते. माझ्या परिचयाच्या लेखिकेचे हक्क मान्य झाले, तरी हा मार्ग त्यांना मिळाला नाही. मात्र ही अट डिजिटल आवृत्तीपुरतीच आहे. छापील पुस्तक आणि ध्वनिपुस्तक तिच्यात येत नाही, हे लक्षात असू द्या, कारण पुष्कळ लेखक या टप्प्यावर उगाचच सगळेच सोडून देतात.

एकाधिकाराची योजना न घेता साधी विक्री करता येते, पण तिथे किंमत पूर्णपणे आपल्या हातात राहत नाही. तेच पुस्तक इतरत्र विनामूल्य दिसले, तर दुकान स्वतःकडची किंमतही उतरवू शकते. शिवाय पुष्कळ मासिके आणि स्पर्धा पूर्वप्रकाशित साहित्य स्वीकारत नाहीत. पहिल्या प्रकाशनाचा हक्क एकदाच वापरता येतो, आणि सर्वांना दिसेल अशी ठेवलेली कथा बहुतेक संपादकांच्या लेखी प्रकाशित झालेलीच असते. पुढे ती काढली, तरी ते बदलत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सबद्दल अधिक सावध राहावे. हे परवाने २००२ पासून आहेत आणि ते मागे घेता येत नाहीत. आपण नवीन प्रती देणे थांबवू शकतो; पण ज्यांना आधीच प्रत मिळाली, त्यांचा परवाना कायम राहतो. त्यांपैकी व्यापारी वापराला मनाई नसलेला परवाना निवडला असेल, तर श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून दुसरा कोणीही तेच ई-पुस्तक विकू शकतो. एकाधिकाराची हमी तर मग देताच येत नाही. पाठ्यसामग्रीला हे परवाने शोभतात. ज्या कादंबरीचे पुढे पुस्तक करायचे आहे, तिला ते देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा लिहीत असताना वाचक हवा असेल, तर तो जरूर मिळवा, पण मुदत ठरवून. क्रमशः द्या आणि पूर्ण झाल्यावर काही महिन्यांत पहिली प्रकरणे तेवढी ठेवून बाकीची काढा. शक्य तर स्वतःच्या संकेतस्थळावर द्या. वेबॅक मशीनसारख्या, संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात जुनी पाने राहतात, आणि ती वगळण्याची विनंती आपल्या संकेतस्थळाबाबत करणे दुसऱ्याच्या संकेतस्थळापेक्षा सोपे असते. प्रत्येक मसुदा तारखेसह जपा. खाते बंद करण्यापूर्वी त्यातल्या आपल्या नावाच्या पानांची चित्रे घेऊन ठेवा. मजकूर आधीच अडकला असेल, तर पुनर्लेखनाने फायदा होतो. मात्र दोन-चार परिच्छेद बदलून तेवढे भागत नाही, आणि जुने प्रकरण खुले असताना ‘ही नवी आवृत्ती आहे’ एवढे म्हणणे एकाधिकाराच्या योजनेत पुरेसे ठरेल असे धरून चालू नका.

वेळ संपली. आपापल्या व्यासपीठाच्या अटी ज्यांनी छापून आणल्या आहेत, त्यांनी मागच्या खोलीत थांबावे. परवान्याचे आणि मजकूर काढण्याचे अशी दोन कलमे आधी बसून वाचू.