'पुश'च्या पोटातला ठोका

मंडळी, विषय साधा आहे. आमच्या सोसायटीतल्या सहावीच्या एका मुलीने परवा मला अडवलं. "आजोबा, रश, ब्रश, क्रश. मग 'पुश' कसं? 'पश' का नाही?"

तिच्या जागी मी होतो तेव्हा मास्तरांनी "इंग्रजीत असंच असतं" म्हणून खाली बसवलं होतं. पण याला कारण आहे. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व 'उ' हळूहळू 'अ'कडे सरकला. आज आपण 'कप' म्हणतो तो त्याआधी 'कुप'सारखा ऐकू येई. उत्तर इंग्लंडात अजूनही येतो. मात्र आधीचं व्यंजन प, ब, फ असं ओठांचं असलं, तर बऱ्याच शब्दांत 'उ' टिकला. पुश, पुल, बुश, बुल, फुल. तरी 'बट' आणि 'फन' निसटलेच. उच्चारांचे नियम म्हणजे जुनं कुंपण, कुठे ना कुठे भोक असतंच.

आता शेवटचा 'श'. हा शब्द फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा धातू जुन्या काळी 'पूस्'सारखा, 'स'नेच संपणारा. इंग्रजांच्या तोंडी अशा 'स'चा पुष्कळदा 'श' झाला. 'ब्रश', 'फिनिश', 'अँग्विश' यांचंही तेच झालं.

फ्रेंचच्या मागे लॅटिन. 'पेल्लेरे' म्हणजे हाणणं, हाकून लावणं. त्यावरून 'पुल्सारे', म्हणजे पुन्हा पुन्हा हाणणं, ठोकणं. माझा जीव अडकतो तो इथे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात 'ठोका म्हणजे उघडेल' या वचनात हेच क्रियापद आहे: 'पुल्साते'. बँकेच्या काचेच्या दारावर 'पुश' लिहिलेलं असतं ना, त्या शब्दाचा पणजोबा दारावर थाप मारायचा! मनगटावरची 'पल्स' म्हणजेही ठोकाच. 'इम्पल्स', 'एक्स्पेल', बोटीचा 'प्रोपेलर', सगळे त्याच घरातले. आपला 'धक्का' असाच दुहेरी आहे. गर्दीत लागतो तो धक्का, आणि वाईट बातमीने बसतो तोही धक्काच.

मग हा पाहुणा येण्याआधी इंग्रज ढकलत नव्हते का? ढकलत होते की. त्यांचा घरचा शब्द 'शव्ह', जुन्या इंग्रजीत 'स्कूफान'. जर्मन 'शीबेन' त्याचा भाऊ. 'शव्हल', म्हणजे माती ढकलायचं फावडं, त्याच कुळातलं. आज मात्र 'शव्ह' म्हटलं की खांदा मारून घुसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे संस्कृत शब्द ओसरीवर आणि देशी शब्द मागच्या अंगणात, तसंच हे. 'रेटणं', 'लोटणं', 'ढकलणं' यांतला फरक आपण न शिकवता पाळतो: दार लोटतो, बंद पडलेली गाडी ढकलतो, आणि मोर्चा पुढे रेटतो.

आणि त्याच काचेच्या दाराच्या दुसऱ्या बाजूचा 'पुल'? तो इंग्रजांचा घरचा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ उपटणं, खुडणं असा होता. म्हणजे बाहेरून ठोका, आतून उपटा. त्या मुलीला एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग 'पुट'चं काय?" मी म्हटलं, "पुन्हा तोच 'प'. ओठ बघ."