एका हाताची न्याहारी

नमस्कार. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'इटलीचे अभ्यासक' म्हटलं. ते विशेषण मी इथेच परत करतो. मी चौतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर यंत्रांची चित्रं काढलेला माणूस. इटलीत दोनदा गेलो. पहिल्यांदा बसने, दुसऱ्यांदा पायी. त्या दुसऱ्या खेपेत डोक्यात एक खूळ शिरलं, ते घरात सगळ्यांना ऐकवून झालं. आता घरात कोणी ऐकत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो. पत्रिकेत 'तीन शहरं, तीन सकाळी : नेपल्स, तोरिनो, त्रिएस्ते' असं छापलंय. तिन्हींना सारखा वेळ देणार आहे.

खूळ असं की इटलीतली सकाळची न्याहारी एका हाताची आहे. एका हातात खाणं, कागदी रुमालात धरलेलं. दुसरा हात कपासाठी. खुर्ची नाही, ताट नाही, चमचा असलाच तर साखर ढवळण्यापुरता. ही सवय नुसती घाईतून आली असं मला वाटत नाही. यंत्र, काउंटर आणि पाव या तिघांनी मिळून ती घडवली आहे. कसं, ते सांगतो.

आधी पहिल्या खेपेची तक्रार, दोनच मिनिटं. आम्ही यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. नाव सांगत नाही, तुमच्यातले निम्मे तिच्याचबरोबर गेले असतील. 'ब्रेकफास्ट इन्क्लुडेड' असं माहितीपत्रकात ठळक होतं. हॉटेल शहराबाहेर, हमरस्त्याला लागून. सकाळी साडेसहाला खाली उतरलं की कॉर्नफ्लेक्स, डब्यातला रस, ब्रेड आणि आपलाच आचारी, आपलाच उपमा. उपमा उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. पण दहा दिवस मी इटलीत होतो आणि दहाही सकाळी इटली खिडकीच्या काचेपलीकडे होती! दर वळणावर एक छोटं दुकान, दाराशी पाच-सात माणसं, पाठमोरी, उभी, मान जरा पुढे. बस पुढे जायची. मी आमच्या मॅनेजरला विचारलं, ते काय आहे? तो म्हणाला, "काका, तो बार आहे." मी गप्प बसलो. सकाळी सातला बार. आपल्या संस्कारांत बसत नाही. (हशा) तिथे बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान, हे मला परत आल्यावर कळलं.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी आणि आमची ही, दोघंच. हॉटेल न्याहारीशिवायचं घेतलं. हिचा पहिला प्रश्न, "मग सकाळी खायचं काय?" मी म्हटलं, चालायचं.

नेपल्समध्ये विया तोलेदो नावाचा रस्ता आहे. स्पॅनिश व्हाइसरॉय पेद्रो दे तोलेदो याने 1536 मध्ये तो काढला. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब. पियाझ्झा दांतेच्या बाजूने शिरायचं आणि समुद्राच्या दिशेने चालायचं. उजव्या हाताला स्पॅनिश मोहल्ल्याच्या अरुंद गल्ल्या चढावर जातात, वर वाळत घातलेले कपडे. गिरगावातल्या माणसाला परकं वाटणार नाही.

तिथल्या एका बारमध्ये शिरलो आणि काउंटरपाशी उभा राहिलो. रांग नव्हती. मी रांग लावली, म्हणजे एकटाच रांग झालो. माणसं डाव्या-उजव्या बाजूने यायची, कॉफी प्यायची, निघून जायची. मी तिथेच. काउंटरमागचा गृहस्थ माझ्याकडे बघायचा आणि दुसऱ्याची कॉफी काढायचा. दहा मिनिटं गेली. मुंबईच्या लोकलचं तिकीट काढलेला माणूस मी, माझा अपमान होत होता. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या दंडाला धरून मला दाराजवळच्या गल्ल्यापाशी नेलं. आधी पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची! त्या पावतीवर त्यांनी स्वतःच्या खिशातलं एक छोटं नाणं ठेवलं, दहा की वीस सेंटचं. पावती पुढे सरकवली. पुढच्या अर्ध्या मिनिटात कॉफी आली. त्या नाण्याचे पैसे मी देऊ लागलो तर त्यांनी हात झटकला.

थांबा, गोष्ट संपली नाही. कॉफीबरोबर पाण्याचा छोटा पेला आला. मी आपल्या पद्धतीने कॉफी प्यायलो आणि वर पाणी प्यायलो. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. काउंटरमागच्याचाही. मग खुणांनी, हातवाऱ्यांनी माझा वर्ग घेतला गेला. पाणी आधी! तोंड स्वच्छ करायला. नंतर प्यायलं तर अर्थ होतो की कॉफी इतकी वाईट की चव धुवावी लागली. मी हात जोडले. दुसरी कॉफी मागितली, या वेळी गल्ल्यावर जाऊन, नाणं ठेवून, पाणी आधी पिऊन. म्हातारबाबांनी मान डोलावली. आमच्या शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा मला इतक्या लवकर पास केलं नव्हतं.

आता खाणं. याच रस्त्यावर पिंताउरो नावाचं जुनं दुकान आहे. अमाल्फीच्या किनाऱ्यावर, कोंका देई मारीनीजवळच्या सांता रोसा मठातल्या जोगिणींनी एक पदार्थ केला, तो पास्क्वाले पिंताउरोने 1818 मध्ये नेपल्सला विकायला आणला, असं सांगतात. नाव स्फोल्यातेल्ला. दोन जाती. फ्रोल्ला म्हणजे मऊ, नानकटाईसारख्या कवचाची. रिच्चा म्हणजे पदर सुटलेली, शिंपल्याच्या आकाराची. आत रिकोत्ता, म्हणजे ताजं, खव्यापेक्षा ओलसर चीज, त्यात शिजवलेला रवा, पाकवलेली संत्र्याची साल, दालचिनी. गरम असते. इराण्याची खारी डोळ्यांपुढे आणा, तिचा शंख करा, आत शिऱ्याचा चुलतभाऊ भरा.

आता खारी उभ्याने खाल्ली की काय होतं? शर्टभर. तिथे कोणाच्याही शर्टावर एक कण नव्हता. मी निरीक्षण केलं, माझा धंदाच तो. सगळे कमरेतून किंचित पुढे झुकतात. एक पाय मागे. कण बुटांवर पडतात. बसवाल्या खेपेला काचेतून ज्या पुढे गेलेल्या माना दिसल्या होत्या, त्यांचं गणित त्या सकाळी सुटलं.

शाकाहारी मंडळींनी आता क्षणभर कान झाकावेत. त्या पदरांसाठी परंपरेने डुकराची चरबी वापरतात. हे मी परत येऊन वाचलं. आमची ही कट्टर शाकाहारी. हिने तीन खाल्ल्या होत्या. हे मी अजून घरी सांगितलेलं नाही आणि ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे.

(हशा)

बरं, यंत्र. हा माझा प्रांत. तोरिनोच्या आंजेलो मोरियोंदोने 1884 मध्ये वाफेवर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, पण ते एका वेळी घाऊक कॉफी काढायचं. मिलानच्या लुइजी बेझ्झेराने 1901 मध्ये एकेका गिऱ्हाइकाला एकेक कप देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. या कॉफीचं नाव एस्प्रेसो. त्या शब्दात वेगही आहे आणि 'खास तुझ्यासाठी' हेही आहे. वाफेचा दाब मात्र कमी, कॉफी जळकी. मग आकिल्ले गाज्जा आला. पहिलं पेटंट 1938 चं, युद्धानंतर स्प्रिंगचा दांडा. दांडा खाली ओढा, सोडा, स्प्रिंग पाणी दाबते. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला, म्हणजे वातावरणाच्या सुमारे नऊपट. वर सोनेरी फेस आला. गिऱ्हाइकांना तो फेस संशयास्पद वाटला, तेव्हा त्याने 'क्रेमा काफ्फे' म्हणून त्याचीच जाहिरात केली. आजचं माप साधारण असं : 7 ग्रॅम पूड, 25 सेकंद, 25 मिलिलिटर. म्हणजे दोन घोट. दोन घोटांसाठी खुर्ची कोण ओढेल? आणि खुर्ची ओढलीत तर दरपत्रकात दोन रकाने असतात, उभ्याचा आणि टेबलाचा. टेबलाचा महाग. काउंटरवर एक-सव्वा युरोत काम होतं.

जाता जाता, त्या फेसाला रोबुस्ता जातीचं बी मदत करतं, आणि दक्षिणेकडच्या मिश्रणांत ते भरपूर असतं. भारतातून बाहेर जाणाऱ्या कॉफीचं मोठं गिऱ्हाईक बरीच वर्षं इटलीच आहे. म्हणजे नेपल्सच्या म्हातारबाबांच्या कपात कूर्ग-चिकमगळूर असू शकतं.

माझ्या सिद्धान्तावर आक्षेप आहेत, मला ठाऊक आहेत. घरोघरी मोका, म्हणजे गॅसवर कॉफी करायचं भांडं असतं, 1933 पासूनचं, आणि पुष्कळ लोक घरीच बसून बिस्किटं बुडवतात. दुसरा आक्षेप रोमचा मारितोझ्झो : मऊ पाव, मधोमध चिरलेला, त्यात ओसंडणारं क्रीम. तो एका हाताने खाताच येत नाही, मिशीने खातात. तो अपवाद मी...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं? तीन. बरं. दोन शहरं, तीन मिनिटं.

तोरिनो. सुमारे 18 किलोमीटर कमानींचे पदपथ, पावसातही छत्रीशिवाय चालता येतं. पोर्ता पालाझ्झोच्या मंडईतून कोन्सोलाता देवळाकडे या. समोर अल बिचेरिन, 1763 सालचं. बिचेरिन म्हणजे छोटा पेला. त्यात चॉकलेट, कॉफी, वर साय. ढवळायचं नाही, थरांतून प्यायचं. देवळातून येऊन उपास सोडणाऱ्यांची ही सोय. आणि इथे संगमरवरी टेबलाशी बसतात, म्हणजे माझा सिद्धान्त पडतो, हे मी पहिल्या दहा मिनिटांत कबूल करणार होतो.

त्रिएस्ते. 1719 पासून ऑस्ट्रियाचं खुलं बंदर, 1918 पर्यंत ऑस्ट्रियाकडेच, म्हणून काचेआड स्ट्रुडेल आणि क्राफेन, हे तिकडचे गोड पदार्थ. तिथे कॉफीची भाषा वेगळी. एस्प्रेसोला नेरो म्हणायचं. कॅपुचिनो मागितला तर एस्प्रेसोच्याच एवढ्याशा कपात येतो. आमच्या हिने 'मोठा कुठेय?' म्हणून शेजारच्या टेबलाखालीही पाहिलं. त्याचं छोटं नाव कापो. तोच काचेच्या पेल्यात हवा असेल तर कापो इन बी, बी म्हणजे बिक्क्येरे, पेला. तो मागा, प्या, आणि मोलो आउदाचे या धक्क्यावर चालत जा, थेट समुद्रात दोन-अडीचशे मीटर...

दुसरी चिठ्ठी. थांबतो. बाहेर चहा ठेवलाय. खुर्च्या मी मघाशीच उचलायला लावल्या आहेत. खारी आहे, एक पाय मागे ठेवा.