गेममधला स्कोर आणि पोराच्या डोक्यातला नियम

आता मुलांना काय येतं ते गेममधून तपासायचं म्हटलं की आपल्या शिक्षकांतले बरेच जण क्विझच धरून चालतात. कहूट हे ऑनलाइन क्विझचं ॲप लावलं, स्क्रीनवर चार रंग आले, म्युझिक वाजतंय, पोरं ओरडतायत, वर्ग एकदम जागा होतो. चांगलंय की, मीपण लावतो शेवटच्या तासाला. पण ती बहुपर्यायी चाचणीच झाली ना, आणि वर त्यात जो लवकर बटन दाबेल त्याला जास्त पॉइंट, म्हणजे सावकाश विचार करणारी मुलगी बरोबर उत्तर देऊनसुद्धा लिस्टमध्ये खाली. त्या लिस्टवरून तिला काय येतं ते कळलं का आपल्याला? फार तर कोण चपळ आहे ते कळलं.

मला आज बोलायचंय ते वेगळ्या गेम्सबद्दल, जिथे पोरगं खेळताना काय काय करतं तेच बघतात. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या व्हॅलेरी शूट आणि त्यांच्या टीमने न्यूटन्स प्लेग्राउंड नावाचा गेम बनवला, पुढे त्याचं फिजिक्स प्लेग्राउंड झालं. हिरवा बॉल, लाल फुगा, बॉल फुग्यापर्यंत पोचवायचा, बस. स्क्रीनवर तुम्ही जे चितारता त्याची वस्तू होते आणि ती लगेच गुरुत्वाकर्षणाने खाली येते, मग उतार काढा, तरफ काढा, लंबक काढा, तुमचं तुम्ही बघा. पोरगं खेळत बसतं आणि मागे लॉग तयार होत राहतो, किती वस्तू काढल्या, किती वेळ लागला, कितीदा पुन्हा सुरू केलं. परीक्षा चाललीय हे त्याच्या गावीही नसतं.

पण नुसत्या लॉगने काही होत नाही हो. ढीगभर क्लिक जमतात आणि त्याचं करायचं काय कोणाला ठाऊक नसतं. ईटीएस या परीक्षा तयार करणाऱ्या अमेरिकन संस्थेत काम केलेल्या रॉबर्ट मिसलेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी जी पद्धत मांडली ती मला फार पटते, कारण ती गेमच्या आधी सुरू होते. मुलाबद्दल मला काय म्हणायचंय, ते म्हणायला मला त्याच्या वागण्यात काय दिसलं पाहिजे, आणि ते दिसेल असा प्रसंग कोणता, हे तीन प्रश्न आधी सोडवायचे, कोडिंग नंतर. आपण उलटं करतो, आधी ॲप आणतो, मग त्यातून काय मोजता येतंय ते शोधत बसतो.

याचं सगळ्यात छान उदाहरण गेमच्या जमान्याच्या आधीचं आहे, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर यांचा 1976 चा प्रयोग. मध्ये टेकू असलेली फळी, दोन्ही बाजूंना वजनं, आणि मुलाला विचारायचं कुठली बाजू खाली जाईल. लहान मुलं फक्त वजन बघतात, जड तिकडे झुकणार. थोडी मोठी झाली की अंतरही लक्षात येतं, पण एकीकडे वजन जास्त आणि दुसरीकडे अंतर जास्त असं आलं की गोंधळतात. वजन गुणिले अंतर हे सगळ्यात शेवटी. आता गंमत बघा. डावीकडे टेकूपासून दुसऱ्या खुणेवर 20 किलो, उजवीकडे तिसऱ्या खुणेवर 10 किलो. इथे 40 विरुद्ध 30, डावी बाजू खाली. फक्त वजन बघणारं बारकं पोरगं चटकन बरोबर सांगतं आणि अंतराचा विचार करणारं मोठं पोरगं अडखळतं! अशा प्रश्नांवर सीग्लरच्या प्रयोगात लहानांनी मोठ्यांपेक्षा बरी कामगिरी केली होती. मार्क मोजले असते तर लहान हुशार आणि मोठा ढ. म्हणून लगेच दुसरं द्यायचं, डावीकडे पहिल्या खुणेवर 15, उजवीकडे चौथ्या खुणेवर 10, आता 15 विरुद्ध 40. वजनवाला इथे हमखास चुकणार, आणि त्याच्या चुकीवरूनच त्याचा नियम कळतो.

स्टॅनफर्डमध्ये डॅन श्वार्ट्झ यांच्या गटाने पोस्टरलेट नावाचा गेम केला त्यात तर मुलांना येतं किती हे सोडून ती निवडतात काय तेच बघितलं. जत्रेच्या स्टॉलसाठी पोस्टर बनवायचं, मग प्राण्यांची पात्रं मत देणार, आणि मुलाने ठरवायचं की कौतुक ऐकायचं की काय आवडलं नाही ते ऐकायचं. जी मुलं टीका जास्त वेळा मागत होती ती पोस्टरबद्दल जास्त शिकलेली दिसली. आपल्याकडच्या पेपरात हे कुठे पकडणार?

आता आपली अडचण. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका टॅबवर चौघं बसलेली असतात, लॉगमध्ये नाव एकाचं, डोकी चार. शिवाय ज्याच्या घरी स्मार्टफोन आहे त्याचा हात सफाईने चालतो आणि गेमला वाटतं याचं विज्ञान पक्कं. आणि मार्क लावलेत की संपलंच, पोरं विज्ञान सोडून गेमच्या खाचाखोचा शोधणार, हिंट दाबत दाबत उत्तरापर्यंत पोचायचं हा प्रकार संगणकावरच्या शिकवणी प्रोग्राममध्ये रायन बेकर वगैरेंनी 2004 मध्येच नोंदवलाय, आणि तसं करणारी मुलं कमी शिकतात हेही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, हे आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या तपासणीत वापरा, संकलितमध्ये, म्हणजे सत्राच्या शेवटी मार्क देणाऱ्या परीक्षेत अजिबात आणू नका.

सुरुवात कशी करायची तर फेट घ्या, विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून बघायचं साधन, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचं, फुकट आहे, डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालतं, बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. त्यात ही फळी आहे, बॅलन्सिंग ॲक्ट. एक प्रोजेक्टर पुरतो. आत्ता सांगितलेली दोन गणितं मांडा, फळी स्थिर धरणारे बाजूचे खांब काढायच्या आधी प्रत्येकाने वहीत उत्तर आणि कारण लिहायचं, मग खांब काढा. वह्या गोळा करा. प्रत्येक मुलाच्या प्रगतीबद्दलच्या वर्णनात्मक नोंदी आपण सगळेच व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून उतरवतो, नाही म्हणू नका, त्याऐवजी या वेळी लिहा, वजन बघतो, अंतर अजून धरत नाही. पुढच्या तासाला त्याला कुठून शिकवायचं ते त्या एका ओळीत आलं.