टनामागे चारशे

(दृश्य: पहाट. टिप्परांची रांग, हेडलाइटच्या झोतात धूळ.)

सकाळचे सहा. चंद्रपूर शहर अजून पुरतं जागं झालेलं नाही, पण दुर्गापूरच्या कोळसा खाणीच्या बाजूला वजनकाट्यावर रांग लागलीय. टिप्परवर ताडपत्री आहे, दोरीने आवळूनही बांधलीय. तरी कडेकडेने भुकटी गळतेच. गाडी काट्यावर चढते, लाल आकडा थोडा थरथरतो आणि थांबतो. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो कोळसा.

ह्या उरलेल्या आकड्यावर आपला देश पंधरा वर्षं एक कर घेत होता. भारतात कार्बन टॅक्स, म्हणजे इंधन जाळून हवेत जाणाऱ्या कार्बनवरचा कर, असावा की नसावा, यावर टीव्हीवर तासन्‌तास भांडणं होतात. तो होता, हे त्या भांडणात क्वचितच कुणी सांगतं.

(दृश्य: कोळशाचं बिल, जवळून. बोट एकेका ओळीवरून सरकतं.)

हे कोळशाचं बिल. वर मूळ किंमत. खाली रॉयल्टी, १४ टक्के. मग जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा वाटा. मग जीएसटी, ५ टक्के. आणि ही ओळ, बोट थांबलंय ती: भरपाई उपकर, टनाला ४०० रुपये. पंचवीस टनांचा टिप्पर धरला तर एका फेरीचे दहा हजार.

हे चित्रीकरण २०२५ च्या सप्टेंबरच्या आधीचं आहे. आम्ही एडिटिंगला बसेपर्यंत ही ओळ बिलातून गेली. ती कशी आली आणि कशी गेली, हीच ही गोष्ट.

(दृश्य: रेल्वे सायडिंग. वॅगन टिपलर. अख्खी वॅगन उलटी होते.)

हे पाहून घ्या. रुळावरची अख्खी वॅगन चिमट्यात धरल्यासारखी उचलून पालथी केली जाते. काही सेकंदांत साठेक टन कोळसा खाली. पुढची वॅगन. एका रॅकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीत, अशा साठाच्या आसपास वॅगन, म्हणजे साधारण चार हजार टन, म्हणजे सोळा लाख रुपये उपकर. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचं. सगळे संच जोरात चालले तर दिवसाला चाळीस हजार टनांच्या वर कोळसा खातं. गुणाकार करा. रोजचे दीड कोटींहून जास्त, एकट्या ह्या चिमण्यांखालून.

(दृश्य: कन्व्हेअर बेल्ट, लांबच लांब. त्यावर निवेदन चालू राहतं.)

२०१० च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर 'स्वच्छ ऊर्जा उपकर' लावला. टनाला ५० रुपये, देशी असो की आयात केलेला. १ जुलैपासून वसुली सुरू. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारायचा, त्या निधीतून सौर, पवन, संशोधन असल्या कामांना पैसा द्यायचा. जो घाण करतो त्याने साफसफाईचा खर्च उचलावा, इतका साधा हिशेब. पुढे सरकार बदललं, पण कर गेला नाही. उलट वाढला. अरुण जेटलींच्या काळात २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. नावही बदललं, 'स्वच्छ पर्यावरण उपकर' झालं. सहा वर्षांत आठपट, आणि दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या हातून. आपल्याकडे इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या करावर झालंय, आठवून बघा.

टनभर कोळसा जळला की दीड टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे हा कर कार्बन डायऑक्साइडच्या टनाला तीन-चार डॉलर पडत होता. स्वीडनने १९९१ पासून असा कर लावलाय आणि आज तो शंभर डॉलरच्या वर आहे. आपला चिमूटभरच. पण चिमटीत धरलेली रक्कमही देश मोठा असला की डोंगर होते.

(दृश्य: राखेचा तलाव, वरून. मग पडद्यावर तीन आकडे, एकामागून एक.)

८६,४४० कोटी रुपये. २०१०-११ ते २०१७-१८ मध्ये गोळा झालेला उपकर.

२९,६४५ कोटी. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीत प्रत्यक्ष वळते झालेले.

१५,९११ कोटी. निधीतून प्रकल्पांसाठी दिले गेलेले.

उरलेला पैसा केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीत. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा उपकराच्या नावातून 'स्वच्छ' आणि 'पर्यावरण' दोन्ही शब्द निघाले. तेच ४०० रुपये आता राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करू लागले. कोरोनाच्या काळात त्या भरपाईसाठी कर्ज काढलं, मग ते फेडण्यासाठी उपकराची मुदत वाढली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. इथे तर बंबच विकून दुसऱ्याची उधारी भागवली.

(दृश्य: मीटर रीडिंग. घरातला मीटर, फिरणारा पंखा, शिलाई मशीन.)

कराच्या विरोधात बोलणारे म्हणतात, शेवटी भरतो कोण? हा शिलाई मशीनवाला भरतो. आणि ते खरं आहे. एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कोळसा, म्हणजे पंचवीस-तीस पैसे. वीजकंपनीशी केलेल्या करारात 'कायद्यातील बदल' नावाचं कलम असतं. त्याच्या आधारे वीज बनवणारा हा बोजा पुढे ढकलतो, वितरण कंपनी आणखी पुढे, आणि तो येऊन थांबतो ह्या मीटरवर. कोळसा जाळायचा की नाही, हे ज्याच्या हातात आहे त्याच्या खिशाला चिमटाच बसत नाही. भारतातला माणूस सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. मग आधी त्याच्याच मीटरवर का?

मुद्दा बिनतोड वाटतो. पण तो कराच्या विरोधातला नाही, पैसा परत न देण्याच्या विरोधातला आहे. स्वित्झर्लंड इंधनावरच्या अशा करातला मोठा हिस्सा लोकांना आरोग्य विम्याच्या हप्त्यातून परत देतो. बिलावरची दुसरी एक ओळ आठवा: जिल्हा खनिज प्रतिष्ठान. तो पैसा ह्याच जिल्ह्यात राहतो. म्हणजे खाणीचा पैसा खाणीच्या गावाला द्यायची वाट आपल्याला ठाऊक नाही, असं नाही.

(दृश्य: पुन्हा काटा. दुपार. आकडा थरथरतो.)

२२ सप्टेंबर २०२५. उपकर रद्द, कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के. बातम्यांत हे दोन ओळींत संपलं. पण इथे उभं राहून हिशेब करा. आधी कर वजनावर होता, आता किमतीवर. हजार रुपये टनाच्या हलक्या, राखाळ कोळशावर आधी ५० अधिक ४००, म्हणजे ४५० जायचे. आता १८०. चार हजारांच्या चांगल्या कोळशावर आधी ६००, आता ७२०. टनाला तीन हजारांच्या आसपास किंमत धरा. त्याच्या खालचा कोळसा स्वस्त झाला, वरचा महाग. जितका राखाळ, तितकी सवलत. कुणी ठरवून केलं असेल असं नाही. पण झालं हे असं.

(दृश्य: सिमेंट कारखान्याची चिमणी. रस्त्यावरून बल्कर जातो.)

चंद्रपूरच्याच दक्षिणेला सिमेंटचे कारखाने आहेत. त्यांच्यावर आता दुसरा हिशेब येतोय. २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कार्बन सोडला तर क्रेडिट विकत घ्यायचं) सिमेंट आहे, ॲल्युमिनियम आहे, पोलाद आहे. वीजकेंद्रं त्या पहिल्या यादीत नाहीत. आणि १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघ आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियमवर स्वतःचा कार्बन आकार लावतोय. आपण इथे कार्बनवर कर घेतला तर त्यातून तेवढा वजा होतो. नाही घेतला, तर तो तिकडे ब्रसेल्सच्या खात्यात.

(दृश्य: ऊर्जानगरच्या पलीकडची वस्ती. दोरीवर वाळत घातलेले कपडे. कोळशाची शेगडी. निवेदन नाही, दहा सेकंद.)

२००९ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत चंद्रपूर आलं. दवाखान्यांतल्या दम्याच्या रांगा त्याच्याही आधीपासूनच्या.

(दृश्य: एक बाई दोरीवरचा पांढरा शर्ट काढते, झटकते, उलटा करून बघते, पुन्हा बादलीत टाकते.)

(दृश्य: संध्याकाळ. रिकामी रॅक खाणीकडे परत निघते. वॅगन मोजत कॅमेरा स्थिर.)

रिकामी रॅक निघाली. उद्या सकाळी ती भरून येईल, पालथी होईल, बिल निघेल. त्यावर १८ टक्क्यांची एक ओळ असेल. तिच्यात कोळशाचा कर किती आणि धुराचा किती, हे वेगळं लिहिलेलं नसेल.